हसायच्या जागा

इअरफोनची वायर जिथे दुभागते, तिथपासून प्रत्येक कानापर्यंत सत्तावीस सेंटिमीटर वायर उरते. एका जोडीत दोघांनी ऐकायचं ठरवलं, एकाने डावा कान घेतला आणि दुसऱ्याने उजवा, तर त्या दोन कानांमध्ये चोपन्न सेंटिमीटरांहून जास्त अंतर राहू शकत नाही. आणि वायर ताणली जाऊ नये म्हणून माणसं चाळिसातच बसतात. हे तिने अंदाजाने ठरवलेलं नव्हतं. नवरा आणि नणंद फिरायला बाहेर पडल्यावर तिने नवऱ्याच्याच स्टीलच्या पट्टीने ते मोजलं होतं, आणि मग पट्टी होती तशी, आकडे वर करून, परत ठेवली होती.

ती आणि नवरा चाळीस सेंटिमीटरांवर शेवटचे कधी बसले होते, ते मोजायला ही पट्टी उपयोगाची नव्हती.

नवरा पुस्तकं बांधायचा. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर आता तो घरातल्याच मोठ्या टेबलावर लोकांची जुनी पुस्तकं उसवून, पानांचे फर्मे पुन्हा शिवून, नवा पुठ्ठा चढवून द्यायचा. पुस्तकांच्या जितक्या पाठी त्याने पाहिल्या होत्या, तितकी पोटं मात्र पाहिली नव्हती. वाचायचा त्याला मनापासून कंटाळा. दोन्ही हात खळीने बरबटलेले, तोंडात दोऱ्याचं टोक. अशा माणसाने पान उलटायचं तरी कशाने? म्हणून लग्नानंतर कितीतरी वर्षं ती त्याला वाचून दाखवायची. संध्याकाळी तो घरी आणलेलं काम शिवत बसायचा, ती समोरच्या स्टुलावर, आणि पुस्तक शक्यतो विनोदी, कारण गंभीर पुस्तकाने टाका वाकडा जातो असं त्याचं मत होतं. वाचणारी म्हणून ती काही फार चांगली नव्हती. विनोद जवळ आला की तिलाच आधी हसू फुटायचं, वाक्य अर्ध्यावर लटकायचं, आणि उरलेलं वाक्य काय असेल ते न कळताच तो तिच्या हसण्याला हसत सुटायचा. मग कधीतरी ते बंद पडलं. भांडण नाही, तंटा नाही. तिच्या कामाच्या वेळा बदलल्या, संध्याकाळी घसा दुखायला लागला, आणि वापर नसलेली वाट बुजते तशी ती सवय बुजली. तरी ती अजून त्याच खोलीत बसून वाचायची. फक्त मनातल्या मनात.

कामावर ती लोकांचे कान तपासायची. मोठ्या रुग्णालयात सव्वीस वर्षं ती श्रवणतज्ज्ञ होती. काचेच्या खिडकीमागे, आवाज आत-बाहेर न जाणाऱ्या खोलीत पेशंट बसायचा, बाहेर ती. ती बटण दाबून बारीक बारीक स्वर पाठवायची, ऐकू आला की पेशंट बोट वर करायचा, आणि ती कागदावर ठिपका द्यायची. ठिपके जोडले की त्या माणसाचं ऐकणं एका रेषेत दिसायचं. दिवसभर असले स्वर ऐकून घरी आल्यावर तिला शांतता लागायची. घरात रेडिओ, टीव्ही काहीही मोठ्याने लावायचं नाही, हा तिचा कायदा होता आणि नवऱ्याने तो कुरकुर न करता पाळला होता.

म्हणून तर ते इअरफोन आले.

ते आणले धाकट्या नणंदेने. तिला घरात सगळे बारकी म्हणत. वय सत्तेचाळीस, दारातून आधी पिशव्या आत येणार आणि मग ती स्वतः; हिला बारकी का म्हणतात, हे विचारायची सोय नव्हती. लहानपणी चिकटलेलं नाव माणसापेक्षा चिवट असतं. बारकीच्या घरातले पाण्याचे नळ बदलायचे निघाले होते, भिंती फोडल्या होत्या, म्हणून ती तीन आठवड्यांसाठी भावाकडे राहायला आली होती. आणि येताना फोनमध्ये त्या बाईला घेऊन आली.

ती बाई म्हणजे एक विनोदी लेखिका. आता वय झालेलं, आठ पुस्तकं नावावर, आणि अलीकडे ती सगळी तिने स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केली होती.

"दादा, हे ऐक. एकच प्रकरण ऐक," बारकी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "नाही आवडलं तर आजची भांडी मी घासते."

"आणि आवडलं तर?"

"तर वहिनी घासेल."

प्रकरण आवडलं. भांडी वहिनीने घासली. आणि घासता घासता तिने दारातून पाहिलं: नवऱ्याचा डावा खांदा आधी बोटभर वर गेला, मग मान मागे गेली, मग तो हसला. हातातली सुई हवेत तशीच. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं, पण शेकडो माणसांत तिने ते ओळखलं असतं, कारण एके काळी ते तिच्यामुळे व्हायचं.

खरी चीड वेगळीच होती. या लेखिकेला या घरात आणलं होतं तिनेच. आठांपैकी सात पुस्तकं कपाटाच्या तिसऱ्या फळीवर उभी होती. तिने ती दोन-दोनदा वाचलेली. त्यांतली दोन खिळखिळी झाली तेव्हा नवऱ्याने ती हिरवं कापड लावून बांधूनही दिली होती, आत काय आहे ते न बघता. वर्षानुवर्षं ती बाई मुकाट्याने फळीवर होती आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि आता बघावं तर कानामागून आली आणि तिखट झाली.

"तुमच्या बाईने आज काय दिवे लावले?" ती जेवताना विचारायची. तुमची बाई, असंच म्हणायची.

"वहिनी, तू का नाही गं ऐकत?" बारकी म्हणाली. "छापलेलं वाचणं म्हणजे लग्नाचे फोटो बघणं. हे म्हणजे लग्नाला जाणं."

"लग्नाला गेलं की पुढे कुणाचं तरी डोकं येतं, शेजारी मूल रडत असतं, आणि निम्मं दिसतच नाही. फोटो बरा. छापलेला विनोद माझ्यासाठी थांबतो. मी हसून घेते, मागे जाते, वाक्य कसं बसवलंय ते बघते. तुमची बाई थांबते का?"

"थांबते ना! तीच तर गंमत आहे. नेमकी थांबते. मग आवाज असा खाली आणते, शेजारणीची भानगड सांगतेय जणू. आणि मग हळूच टाकते."

"काय टाकते?"

"ते ऐकावंच लागतं," नवरा म्हणाला, आणि बहीण-भाऊ एकमेकांकडे बघून पुन्हा हसायला लागले.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन माणसं हसत असताना तिसऱ्याने गंभीर चेहऱ्याने घास चावणं यासारखं अपमानाचं काम नाही. "मी पुस्तक वाचते तेव्हा लेखिका आणि मी, दोघीच असतो," ती म्हणाली. "मध्ये कुणाचा घसा लागत नाही."

"अगं, पण घसा तिचाच आहे!" बारकी म्हणाली. "आपल्या हाताने केलेलं आपणच वाढतेय ती. मध्ये कोण येतंय?"

तिने ताटं उचलली.

पुढच्या गुरुवारी ती कामावरून लवकर आली. नवरा तयार पुस्तकं पोचवायला गेला होता, बारकी आपल्या फुटक्या भिंती बघायला. बारकीचा फोन मात्र टेबलावर राहिला होता, चार्जिंगला लावलेला, इअरफोनसकट. तिने दार आतून लावलं. चोरी करताना लावतात तसं.

आवाज जाडसर होता, किंचित घोगरा, घरातल्या माणसासारखा. तिला तो आवडला आणि त्याचा रागही आला. पण दोन मिनिटांत तिच्या लक्षात आलं की ती आवाज ऐकते आहे, वाक्यं नाही. वाक्याची सुरुवात स्वच्छ यायची, मधला भाग यायचा, मग लेखिका थांबायची, आवाज खाली आणायची, आणि पुढे नुसता एक मऊ गुंजारव. मग शांतता. त्या शांततेत नवरा हसत असणार.

तिने आवाज वाढवला. गुंजारव मोठा झाला. शब्द झाले नाहीत.

मग तिने फळीवरून ते पुस्तक काढलं, तेच प्रकरण उघडलं, आणि ओळींवर बोट ठेवत पुन्हा ऐकलं. काय आश्चर्य, प्रत्येक शब्द लख्ख ऐकू आला. तो खाली आणलेला आवाज, ती भानगड सांगायची लकब, सगळं. तिला हसूसुद्धा आलं. तिने पुस्तक मिटलं. पुन्हा गुंजारव. उघडलं, शब्द. मिटलं, गुंजारव. सहा वेळा तिने हे केलं, कारण एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. सहाही वेळा उत्तर तेच आलं. तिचे कान ऐकत नव्हते. डोळे वाचत होते आणि श्रेय कानांना देत होते.

याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. "ऐकू येतं हो, पण कळत नाही," हे वाक्य सव्वीस वर्षांत तिने हजारो तोंडांतून ऐकलं होतं. बारीक, उंच स्वर आधी जातात. त्यांच्याबरोबर स, श, फ, थ असली हवेसारखी अक्षरं जातात. उरतो तो आवाजाचा सांगाडा. पेशंटना ती हे चित्र काढून समजवायची. वर म्हणायची, "लाज कसली त्यात? चष्मा लावता ना? तसंच हे." आणि श्रवणयंत्र त्यांच्या कानामागे बसवून द्यायची.

संशय तिला दोन वर्षांपासून होता. ओव्हनची घंटी वाजून गेलेली कळायची नाही. फोन आपोआप उजव्या कानाला जायचा. कामावर निभायचं, कारण तिथे पेशंट समोर बसायचा, खोली शांत असायची, आणि ओठ दिसायचे. दर जानेवारीत ती स्वतःची तपासणी स्वतःच करायची. शेजारच्या खोलीतली तिची सहकारी दर वेळी म्हणायची, "बस ना आत, मी घेते तुझी. पाच मिनिटांचं काम." ती म्हणायची, "राहू दे, तुझे पेशंट खोळंबलेत." मग हेडफोन लावून स्वर पाठवणारं बटण एका हाताने दाबायची आणि दुसऱ्या हाताने ठिपका द्यायची. स्वर कधी येणार हे ज्या बोटाला माहीत, त्याच माणसाला तो ऐकू येणार, यात नवल काय? ठिपके दर वर्षी छान सरळ रेषेत पडायचे. एखाद्या शिकाऊ मुलीने अशी तपासणी केली असती तर तिने तो कागद फाडून टाकला असता. स्वतःचा कागद तिने फाईलला लावला होता. दोनदा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, हेही तिला कळत होतं. आणि तरी 'यंदा बघू, पुढच्या महिन्यात बघू' करत दोन वर्षं गेली होती.

त्या गुरुवारी सुद्धा तिने ठरवलं नाही. तिने फोन पुन्हा चार्जिंगला लावला, इअरफोनची गुंडाळी होती तशी केली, आणि तिच्या मनात जे आलं ते कानांबद्दल नव्हतंच. मनात आलं: म्हणजे ही बाई माझ्या नवऱ्याच्या कानात जे सांगते, ते मला कधीच कळणार नाही. आणि बारकीला कळणार.

शनिवारी बारकीने जाहीर केलं, "नळ झाले. सोमवारी मी जाते. उद्या दुपारी शेवटचं प्रकरण, आणि ते तिघांनी ऐकायचं, मोठ्याने. वहिनी, एक दिवस तुझा शांततेचा कायदा गुंडाळून ठेव."

"मला नको. तुम्ही ऐका."

"ऐक गं," नवरा म्हणाला. तो खालमानेने पुठ्ठा कापत होता, पण हे मात्र त्याने मान वर करून, तिच्याकडे बघून म्हटलं. "एकदा तरी. माझ्याबरोबर."

'माझ्याबरोबर' हा शब्द तिला स्पष्ट ऐकू आला. ती हो म्हणाली.

आणि हो म्हटल्यावर तिने तयारी केली, जशी ती कुठल्याही कामाची करायची. शेवटचं प्रकरण बारा पानांचं होतं. लेखिकेच्या वडिलांबद्दल. साठाव्या वर्षी त्यांनी सायकल घेतली आणि पडायच्या भीतीने ती कधी रस्त्यावर नेलीच नाही. बैठकीच्या खोलीत स्टँडवर उभी करून रोज तासभर पेडल मारायचे, वळताना हात दाखवायचे, आणि मधूनच घंटी वाजवायचे. तिने ते प्रकरण तीनदा वाचलं. हसायच्या जागा नऊ निघाल्या. प्रत्येकीशी तिने पेन्सिलीने बारीक फुली केली. मग स्वयंपाकघराचं दार लावून, घड्याळ समोर ठेवून, लेखिकेच्या संथ चालीत ते पुटपुटत वाचलं आणि कोणती फुली कितव्या मिनिटाला येते ते पाठ केलं.

एक गोष्ट तिला धंद्यामुळे ठाऊक होती. कमी ऐकू येणारी माणसं चारचौघांत हसतात, पण उशिरा हसतात. आधी दुसऱ्यांचे चेहरे बघतात, मग हसतात. मध्ये अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदावरून तिने लग्नसमारंभांत, रांगांत, बागेतल्या बाकांवर कितीतरी अनोळखी माणसांचे कान ओळखले होते. तेव्हा आपण कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे तिने ठरवलं. आपण पहिलं हसायचं.

रविवारी दुपारी टेबलावरचे पुठ्ठे, खळीचं भांडं, दोरे बाजूला झाले. मधोमध फोन उभा राहिला, पाण्याच्या पेल्याला टेकून. बारकीने पाय वर घेऊन खुर्ची भरून टाकली. नवऱ्याने आज हातात काम घेतलं नव्हतं. ती स्टुलावर बसली, घड्याळ दिसेल अशी.

पहिली फुली: वडील दुकानदाराला विचारतात, ही सायकल घरात किती वेगाने जाते. चौथ्या मिनिटाला लेखिका थांबली, आवाज खाली आला, आणि खोलीत सगळ्यांत आधी ती हसली. क्षणभरात बारकी हसली, मग नवरा. दुसरी फुली: सोफ्याला ओव्हरटेक करणं. ती पुन्हा पहिली. तिसरी फुली: पाहुणे आलेत, वडील घामाघूम, पेडल न थांबवता त्यांना म्हणतात, "बसा, दहा मिनिटांत पोचतोच मी." इथे तर तिला खरंखुरं हसू आलं, कारण हे वाक्य तिला छापील स्वरूपातही आवरत नसे. तिचा आवाज खोलीत मोकळा सुटला आणि नवरा वळला. फोनकडे नाही, तिच्याकडे. त्याचा डावा खांदा वर गेला होता. तो तिच्या हसण्याला हसत होता.

बघ, ती मनात त्या बाईला म्हणाली. बघ आता कोण हसवतंय.

चौथी फुली अकराव्या मिनिटाला होती: वडील एका जागी बसून वाट चुकतात. घड्याळात अकरा मिनिटं झाली. लेखिका थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली. मग आवाज खाली आला, तोच मऊ गुंजारव, मग दोन शब्दांएवढा एक तुकडा, मग शांतता. रचना अगदी तीच.

ती खळखळून हसली. मान मागे टाकून.

खोलीत दुसरं कुणी हसलं नाही. तिने ठरवलेला नियम मोडून चेहऱ्यांकडे पाहिलं. बारकीच्या हाताची पाठ डोळ्यांवर होती. नवऱ्याचा हात फोनवर गेला आणि त्याने वाचन बंद केलं.

"वहिनी!" बारकी म्हणाली. "अगं, हसतेस काय?"

"का? काय झालं?"

"तिचे वडील गेले, ते सांगतेय ती! शेवटी अंथरुणाला खिळले होते, आणि चादरीखाली त्यांचे पाय हळूहळू फिरत होते. पेडल मारल्यासारखे. हिने विचारलं, बाबा, कुठवर आलात? तर म्हणाले, आलंच."

ती म्हणाली, "पुस्तकात नाहीये हे."

तोंडातून निघून गेलं. पुस्तक छापून झाल्यावर लेखिकेचे वडील गेले असणार, आणि वाचताना त्या जागी आल्यावर तिने ते सांगून टाकलं असणार. आपल्या हाताने केलेलं आपणच वाढताना माणूस असं काही जास्तीचं वाढतो. छापील पानावर फुल्या मारणाऱ्याला ते कुठून कळणार?

"पुस्तकात नाहीये म्हणजे?" बारकीने विचारलं. "तू काय पाठ करून बसलीयेस की काय? परीक्षेला बसल्यासारखी?"

'दुसरंच काहीतरी आठवलं आणि हसू आलं,' असं म्हणता आलं असतं. जिभेवर तयारही होतं.

बारकीने भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि पाय खाली घेतले. "मी चहा टाकते," ती म्हणाली. बारकीची जीभ तिखट होती, पण कधी उठून जायचं ते तिला कळायचं.

नवऱ्याने फोन पालथा घातला. बराच वेळ तो टेबलावरची वाळलेली खळ नखाने खरवडत राहिला. मग तिच्याकडे तोंड करून बोलला. सावकाश.

"पहिल्या तिन्ही वेळा तू आमच्या आधी हसलीस. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, हिला अजून हसू येतं माझ्यासमोर."

"मला येतंच की हसू. तुम्हीच त्या बाईला घेऊन बसलात. पंधरा दिवस झाले. मी घरात आले काय, गेले काय. दोघं डोक्याला डोकं लावून. मी इतकी वर्षं तुम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा कुठला फोन लागत नव्हता."

"तू बंद केलंस वाचायचं."

"तुम्ही म्हटलं का, वाच म्हणून?"

"नाही म्हटलं," त्याने कबूल केलं. "पण बोलायचो ना तुझ्याशी. शिवताना. काहीबाही, फालतू. कुणाच्या पुस्तकात काय सापडलं, कोण गिऱ्हाईक काय म्हणालं. तू समोर वाचत बसलेली असायचीस. मी काहीतरी गंमत सांगायचो आणि तू मान वर करायची नाहीस. आणि मग पाच मिनिटांनी पुस्तकात बघून फिस्सकन हसायचीस. हसू नकोस, पण मला त्या पुस्तकांचा राग यायचा. माझ्याच हाताने बांधलेली, आणि बायको त्यांना हसते, मला नाही. मग मी सोडून दिलं. म्हटलं, आपण आता शिळे झालो."

"तोंडात दोरा धरून बोलत होतात," ती म्हणाली.

"दोरा तर मी आधीपासून धरतोय. तीस वर्षं तुला तसंच कळत होतं."

"सोडून कधी दिलंत?"

"दीड-दोन वर्षं झाली असतील."

तिने मनात वजाबाकी करून पाहिली. करायची गरज नव्हती.

"काय सांगायचात?" तिने विचारलं. "एखादी तरी गंमत सांगा. त्यातली."

"आता काय आठवणार? तेवढ्यापुरती असते ती."

"एक तरी."

त्याने खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे बघितलं, टेबलावर बोटं वाजवली. मग ओशाळून मान हलवली. "नाही गं. गेल्या त्या."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. लेखिकेची सात पुस्तकं फळीवर होती; ऐकू नाही आलं तरी कधीही काढून वाचता आली असती. या माणसाने दोन वर्षं खालमानेने, दोरा दातांत धरून, चार पावलांवरून तिला जे सांगितलं होतं त्याची छापील प्रत कुठेच नव्हती. कुठल्याच फळीवरून ते आता काढता येणार नव्हतं. आणि ती त्या बाईवर जळत बसली होती.

आतून कपबशांचा आवाज आला असावा. तिला तो आला नाही. नवऱ्याने मान वळवलेली दिसली, त्यावरून तिने ताडलं.

"बारके," तिने हाक मारली, "चहा राहू दे. इकडे ये आधी."

बारकी दारात आली, हातात गाळणी तशीच. "काय गं? रागावलीस?"

"नाही. दोघांसमोर एकदाच सांगते, परत सांगायची हिंमत होईल न होईल." तिने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. आवाज किती मोठा लागतोय याचा तिला अंदाज येईना, म्हणून जरा जास्तच मोठ्याने ती म्हणाली, "मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. उद्या मी त्या काचेमागच्या खोलीत स्वतः बसणार आहे, तपासायला दुसरं कुणीतरी असेल, आणि मी यंत्र लावून घेणार आहे. दोन्ही कानांना."